चिंचोके, बिडाचं चाक आणि २^१२७ − १ : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५

पाऊस लागायच्या आत उद्यमनगरातल्या गाळ्याचा पोटमाळा रिकामा करायचा म्हणून आण्णांबरोबर सकाळपासून तिथेच. गंजलेल्या ड्रिलांच्या डब्याखाली एक बिडाचं चाक सापडलं. वजनाला चांगलंच. दात मोजले, १२७ भरले. विश्वास बसेना म्हणून एका दातावर खडूची खूण करून पुन्हा मोजले. १२७ च.

आण्णांना विचारलं, असला विचित्र आकडा का? ते म्हणाले, "जुनी इंची लेथ होती आपली. तिच्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर हे चाक लागतंच. याला दुसरं चाक चालत नाही."

का चालत नाही, ते घरी येऊन कागदावर मांडलं. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजे १२७ भागिले ५. १२७ मूळसंख्या असल्यामुळे हा अपूर्णांक आणखी लहान होत नाही. गिअरच्या साखळीत कुठेतरी १२७ दात (किंवा त्याची पट) यावेच लागतात. जागा कमी असली की काही टर्नर ६३ दातांचं चाक लावून भागवतात. ८० भागिले ६३ म्हणजे १.२६९८, हवं असतं १.२७. मीटरमागे मिलिमीटरचा आठवा भाग फरक पडतो. नट-बोल्टला चालून जातं, लांब स्क्रूला नाही.

तर १२७. ही स्वतः २^७ − १ आहे. आणि घातांकात ७ च्या जागी १२७ ठेवलं तर येणारी २^१२७ − १ सुद्धा मूळसंख्या आहे, हे कॉलेजात वाचलं होतं. वाचलं होतं एवढंच, तपासलं कधीच नव्हतं. ते आता करायचं ठरवलं.

पद्धत: छोटा नमुना हाताने, पूर्ण काम घरात पडून असलेल्या आर्डुइनो ऊनो या छोट्या संगणक-बोर्डावर, तयार लायब्ररी न वापरता. नोंदींच्या सोयीसाठी १२७ ला 'धाकटी' आणि २^१२७ − १ ला 'थोरली' म्हणतो.

३ जून

थोरली अंकांत लिहून भिंतीवर चिकटवली:

१७,०१,४१,१८,३४,६०,४६,९२,३१,७३,१६,८७,३०,३७,१५,८८,४१,०५,७२७

३९ अंक. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या लीलावतीत दशमान स्थानांची नावं एकापासून परार्धापर्यंत आहेत, परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. तेवढ्यावर भागत नाही. परार्धाला परार्धाने गुणून पुन्हा सुमारे सतरा हजार चौदाने गुणलं की थोरलीच्या जवळपास पोचतो.

द्विमान पद्धतीत मात्र ती अगदी साधी दिसते: एकापुढे एक १२७ वेळा १. शून्य नाहीच. पुढची सगळी गंमत या रूपामुळे आहे असं आत्ताच वाटतंय, पण ते चालवून बघितल्यावर लिहीन.

८ जून, रविवार

आज चिंचोक्यांचा दिवस. आठवीतली पुतणी सुट्टीला आलीय. पुठ्ठ्यावर ७ × ७ चा पट आखला आणि धाकटीवर ल्यूकाची कसोटी चालवली.

ल्यूका म्हणजे एदुआर ल्यूका, १८४२ मध्ये फ्रान्समधल्या आमियाँ गावी जन्मलेला. आपल्या पुस्तकांत लुकास असं छापतात. १८७६ मध्ये त्याने थोरली मूळ आहे हे सिद्ध केलं, कागदावर, हाताने. १२७ × १२७ घरांचा पट मांडून त्यावर हे गणित कसं करायचं, हेही त्याने सांगून ठेवलंय. आमचा पुठ्ठा म्हणजे त्याच पटाचं बाळरूप. डी. एच. लेमर या अमेरिकन गणितज्ञाने १९३० च्या दशकात ही कसोटी आज वापरतात त्या नेटक्या रूपात आणली. ती अशी: ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी घ्या. ती बाकी पुढच्या पायरीला. घातांक पी असेल तर पी − २ वेळा हे करायचं. (पी हा विषम मूळ घातांक.) शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. मधली कुठलीच पायरी काही सांगत नाही, निकाल एकदम शेवटी.

धाकटीसाठी पी = ७, म्हणजे पाच पायऱ्या. ४, १४, मग १९४ ची बाकी ६७. इथून पट काढला.

६७ म्हणजे ६४ + २ + १. द्विमान पद्धतीत १००००११. पटाच्या पहिल्या ओळीत हे तीन चिंचोके मांडले. वर्ग करायचा म्हणजे ६७ ला ६७ ने गुणायचं: एकदा जसंच्या तसं, एकदा एक घर डावीकडे सरकवून, एकदा सहा घरं सरकवून. सरकवताना जो चिंचोका डाव्या काठावरून पडेल तो उजव्या काठाने परत आत येतो. का? कारण १२८ ला १२७ ने भागलं की बाकी १ उरते. सातव्या घराच्या पलीकडची किंमत पुन्हा पहिल्या घराचीच. भागाकार करावाच लागत नाही.

पुतणीला हे पटायला वेळ लागला. "काका, पडलेला परत कसा येईल?" मग तिने पुठ्ठा वाकवून त्याची नळी केली, डावा काठ उजव्याला लावला, आणि म्हणाली, "हां, मग तो पडतच नाही." माझ्या दहा मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा हे बरं होतं.

पटावर एकूण नऊ चिंचोके झाले. उभ्या रांगांत उजवीकडून मोजले: ३, २, १, ०, ०, १, २. आता हातचे. एका रांगेत दोन असले की दोन्ही उचलायचे आणि डावीकडच्या रांगेत एक ठेवायचा. सर्वांत डावीकडच्या रांगेतले दोन उचलले की एक सर्वांत उजवीकडे. हातचा नळीभोवती एक चक्कर मारून आला आणि पुन्हा दोन रांगा हलल्या. शेवटी उरलं ३२ + ८ + ४, म्हणजे ४४. त्यातून २ वजा, ४२. कागदावर ताळा केला: ६७ चा वर्ग ४४८९, वजा २, १२७ ने भागून बाकी ४२. बरोबर.

४२ वरून १११ आला. १११ मध्ये सहा घरं भरलेली, म्हणजे छत्तीस चिंचोके. हातच्यांची नुसती झुंबड. एकदा तिचा आणि माझा मेळ बसेना, पुन्हा मांडलं. शेवटी पटावर एकच चिंचोका राहिला, दोनच्या घरात. दोन वजा करायचे म्हणून तो उचलला. पट रिकामा.

ती अर्धा मिनिट रिकाम्या पुठ्ठ्याकडे बघत होती.

११ जून

ऑफिसमधल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, एवढं कशाला, सरळ भागून बघायचं. ठीक आहे, हिशेब करून बघू.

थोरलीला एखाद्या मूळसंख्येने भाग जात असेल तर तो भाजक कसलाही चालत नाही. २ चे घात करत गेलं की त्या भाजकाने भागल्यावर बाकी १ पहिल्यांदा १२७ व्या घाताला यावी लागते. १२७ मूळ असल्यामुळे त्याआधी येऊच शकत नाही. मग फर्माच्या नियमाने भाजकातून १ वजा केल्यावर १२७ ने भाग गेला पाहिजे. म्हणजे भाजक २५४ × क + १ या रूपाचा. शिवाय त्याला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च हवी. दोन्ही अटी लावल्या तर पहिला उमेदवार थेट २२८७. त्याआधीचे २५५, १०१७, १२७१, २०३३ हे संयुक्त निघतात.

२२८७ हाताने तपासला. १२७ द्विमान पद्धतीत सात एकचे असल्यामुळे वर्ग करून दुप्पट करायची क्रिया सहा वेळा केली की काम होतं. २, ८, १२८, मग २^१५ ची बाकी ७५०, २^३१ ची २०८३, २^६३ ची ९००, २^१२७ ची ८०४. एक यायला हवा होता, आले ८०४. बाद. वहीचं अर्धं पान.

असे किती उमेदवार? थोरलीचं वर्गमूळ सुमारे १.३ × १०^१९. तिथपर्यंत या अटींत बसणाऱ्या संख्या सुमारे २.५७ × १०^१६. (यातल्या संयुक्त गाळता येतील, पण गाळायलाही वेळ जाणारच.) सेकंदाला शंभर कोटी तपासल्या तरी जवळपास दहा महिने. ल्यूकाच्या कसोटीत १२५ वर्ग. मित्राला हे आकडे पाठवले, त्याने अंगठा पाठवला.

मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये, २ च्या ज्या घातांतून १ वजा केल्यावर मूळसंख्या येते अशा घातांकांची जी यादी छापली त्यात २५७ पर्यंतचे अकरा आकडे होते, १२७ धरून. त्यातले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. ६१, ८९, १०७ सुटले होते. १२७ बरोबर लागला. त्याने तो कसा काढला असेल याचा विचार करत बसलो आणि चहा गार झाला. ६७ च्या बाबतीत आणखी मौज आहे. २^६७ − १ ही संख्या संयुक्त असल्याचं ल्यूकानेच १८७६ मध्ये दाखवलं, पण भाजक कोणते हे त्याच्या पद्धतीतून कळतच नाही. ते १९०३ मध्ये कोल या अमेरिकन गणितज्ञाने न्यूयॉर्कच्या सभेत मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. संख्या फुटते हे माहीत, कुठे फुटते हे सत्तावीस वर्षं माहीत नाही.

१५ जून, रविवार

आर्डुइनो. थोरलीखालची कुठलीही संख्या १६ बाइटांत (म्हणजे १२८ बिटांत) मावते आणि वर एक बिट रिकामं राहतं. शाळेतल्या गुणाकारासारखाच कोड, फक्त अंक ० ते ९ ऐवजी ० ते २५५. एका वर्गाला १६ × १६ = २५६ छोटे गुणाकार, १२५ पायऱ्यांना ३२,०००.

पहिल्या ओळी तोंडपाठ आहेत: ४, १४, १९४, ३७,६३४, १,४१,६३,१७,९५४. पडद्यावर ४, १४, १९४ आलं आणि चौथ्या ओळीला ३७,६३४ च्या जागी भलतीच लांबलचक संख्या.

दोन तास गेले. कारण फार किरकोळ. ऊनोवर 'इंट' (पूर्णांक ठेवायचा नेहमीचा प्रकार) १६ बिटांचा आणि चिन्हासकट असतो, ३२,७६७ च्या पुढे तो उणे होतो. दोन बाइटांचा गुणाकार त्याच 'इंट'मध्ये होतो. १९४ × १९४ = ३७,६३६, तो झाला उणे २७,९००. पुढे तो ३२ बिटांच्या बेरजेत गेला तेव्हा वरची सगळी बिटं एकने भरली आणि हातचा म्हणून पुढच्या बाइटांत पसरली. गुणण्याआधीच एक संख्या ३२ बिटांची करून घेतली, मिटलं.

सहावी पायरी (सुरुवातीचा ४ न मोजता) ३७ अंकी येते: ४०२३८६१६६७७४१०३६०२२८२५६३५६५६१०२१००९९४. ही अजून थोरलीपेक्षा लहान आहे. म्हणजे पहिल्या सहा पायऱ्यांत बाकी काढायचा प्रश्नच येत नाही, पट वळायला सुरुवात होते ती सातव्या पायरीपासून. इथवर सगळं जुळलं, तर आता परीक्षा बाकी काढण्याची.

१६ जून

लाईट नाही. पाऊस.

२० जून

बाकी काढायचा भाग लिहिला. २५४ बिटांचा वर्ग येतो. १२७ व्या बिटावर त्याची घडी घालायची, वरचा भाग खालच्यावर ठेवायचा, बेरीज करायची. जास्त झालं तर पुन्हा एक घडी. चिंचोक्यांचा पट नळीसारखा वाकवणं ते हेच. साडीची घडी घालावी तसं काठाला काठ लावून. भागाकाराची एकही ओळ कोडमध्ये नाही.

आधी धाकट्या घातांकांवर चालवलं. १३, १७, १९, ३१, ६१ हे मूळसंख्या देतात, ११ आणि २३ देत नाहीत (२०४७ = २३ × ८९). माझा कोड म्हणत होता, सगळेच संयुक्त.

एकही मूळ नाही म्हटल्यावर उलट बरं वाटलं. चूक एकाच जागी असणार. शेवटची बाकी छापून पाहिली तर मूळ घातांकांना सगळी बिटं १. म्हणजे संख्या स्वतःच! तिला स्वतःने भागलं तर बाकी शून्यच, पण माझ्या तपासणीला फक्त सगळी शून्यं हीच शून्य म्हणून माहीत. २ वजा करताना उणे जाऊ नये म्हणून मी 'संख्या − २' मिळवत होतो. शेवटच्या पायरीत २ उरतात, त्यात संख्या − २ मिळवले की बरोबर संख्या होते, घडी पडत नाही आणि शून्य एकच्या वेशात समोर उभं राहतं. या मोजणीत शून्याची दोन रूपं आहेत, ते ध्यानातच आलं नव्हतं. एक ओळ वाढवली.

२२ जून, रविवार

दोन संध्याकाळी वाया गेल्या आणि दोष कोडचा नव्हता.

१६ बाइटांची संख्या दशमान अंकांत छापणारा भाग लिहिला होता. थोरली छापून घेतली, ती कोडमध्ये टाइप केलेल्या संख्येशी जुळेना. छापणारा कोड तीनदा वाचला. शेवटी पुतणीने विचारलं, "भिंतीवरची बरोबर आहे का पण?"

नऊचा ताळा घेतला. थोरलीची अंकबेरीज १५४, नवांनी भागून बाकी १. दोन्हींची तेवढीच. मग अकराचा ताळा: उजवीकडून एकाआड एक अंक मिळवत-वजा करत गेलो. खऱ्या संख्येत ८० − ७४ = ६ येतात आणि सिद्धांतानेही ६ च यायला हवेत (२ च्या दहाव्या घाताची अकराने बाकी १, म्हणून २^१२७ ची बाकी २^७ इतकीच, त्यातून १ गेला की १२७, बाकी ६). मी टाइप केलेल्या संख्येत आले ८४ − ७०, म्हणजे १४, बाकी ३. मधल्या '३०,३७,१५' मध्ये मी '३०,७३,१५' केलं होतं. शेजारचे दोन अंक उलटले तर बेरीज तीच राहते, नऊच्या ताळ्याला ते दिसणं शक्यच नाही. अकराच्या ताळ्यात जागेला किंमत आहे म्हणून सापडलं. भिंतीवरची बरोबर होती, कोडमध्ये टाइप करताना घोळ केला होता.

शाळेत अकराची कसोटी पाठ करताना ही कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

२६ जून

चालवलं. ४ पासून १२५ पायऱ्या. पापणी लवायच्या आत ओळी संपल्या, त्यातही बहुतेक वेळ छापण्यात गेला. शेवटची ओळ शून्य.

शून्य येणार हे दीडशे वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. तरी हात थोडे थरथरले, लपवत नाही.

पण नोंदवायचं आहे ते शेवटच्या आधीच्या ओळीबद्दल. सातव्या पायरीपासून सगळ्या ओळी बिटांत पाहिल्या तर नुसता पाचोळा, शून्य आणि एक कसेही पसरलेले. १२३ व्या पायरीपर्यंत तसंच. आणि १२४ व्या ओळीत अचानक १२७ घरांपैकी १२६ सारखी आणि एकच वेगळं. जणू भर बाजारात एकदम शांतता.

थोड्या विचाराने कारण कळलं. शेवटी शून्य यायचं तर आधीच्या संख्येचा वर्ग २ हवा. थोरलीच्या मोजणीत (म्हणजे थोरलीने भागून उरणारी बाकीच धरायची) २^१२८ म्हणजेच २. म्हणून २ चं वर्गमूळ २^६४, अधिक किंवा उणे. तिसरा पर्यायच नाही. धाकटीत १११ आला होता तो १२७ − १६ च होता, २ चं वर्गमूळ उणे १६! पटावर तेव्हा सहा चिंचोके होते आणि एकच घर रिकामं. डोळ्यासमोर असून पाहिलं नाही. थोरलीत चिन्ह अधिक येतं की उणे, ते मुद्दाम इथे लिहीत नाही. ज्याला हवं त्याने चालवून बघावं.

२^६४ हा आकडा ल्यूकाच्या नावाशी आणखी एका कारणाने जोडलेला आहे. 'हनोईचा मनोरा' हे खेळणं त्याचंच, १८८३ चं. तीन खुंट्या, त्यावर लहानमोठ्या चकत्या. त्याबरोबर एक कथा फिरवली गेली: काशीच्या देवळात सोन्याच्या ६४ चकत्या आहेत, पुजारी त्या रात्रंदिवस हलवताहेत, सगळ्या हलल्या की जग संपेल. काशीला असं काही नाही, कथा तिकडे फ्रान्समध्येच रचलेली. पण चाली लागतात २^६४ − १. आणि चकत्या १२७ घेतल्या तर चाली लागतील बरोबर थोरलीइतक्या. ही गोष्ट पुतणीला सांगितली तर तिचा प्रश्न: "मग त्याने काशीच का निवडली?" दूर होती म्हणून, असं मी म्हटलं.

२९ जून, रविवार

ल्यूकाने सुरुवात ४ ने केली नव्हती. घातांकाला ४ ने भागून बाकी ३ उरत असेल तर ३ ने सुरुवात करूनही चालतं, आणि १२७ ची बाकी ३ आहे. ३, ७, ४७, २२०७... या त्याच्याच नावाच्या मालिकेतल्या संख्या: दुसरी, चौथी, आठवी, सोळावी. प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज, फिबोनाचीसारखंच, फक्त सुरुवात १ आणि ३. फिबोनाची हे नाव रूढ केलं तेही ल्यूकाने. आपल्याकडे मात्रावृत्तांच्या मोजणीत हीच मालिका हेमचंद्राने बाराव्या शतकात सांगितली होती, म्हणून मी तिला हेमचंद्राची म्हणतो. वाद घालायचा नाही.

३ ने सुरुवात करून धाकटी: ३, ७, ४७, ४८, १६, ०. यावेळी अधिक सोळा. थोरलीवरही चालवलं, शून्य.

बाकीच्या किरकोळ तपासण्या, एका बैठकीत:

थोरलीला जुळी बहीण नाही. दोनने मागची ७२५ ने संपते, पाचने भाग जातो. दोनने पुढची तीनने विभाज्य. पण तीनने भागून जी येते ती, (२^१२७ + १) / ३, स्वतः मूळ आहे. २^१२७ − १ मूळ, (२^१२७ + १) / ३ मूळ आणि घातांक स्वतः २^७ − १ या घाटाचा. या तिन्ही गोष्टी एकत्र ज्यांच्याबाबत माहीत आहेत अशा घातांकांत १२७ सर्वांत मोठा. तेवढाच शेवटचा असावा असा अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही.

एकने मागची संख्या मात्र चुरा होते: २ × ३^३ × ७^२ × १९ × ४३ × ७३ × १२७ × ३३७ × ५४१९ × ९२,७३७ × ६,४९,६५७ × ७७,१५,८६,७३,९२९. यात धाकटी आहेच, असायलाच हवी, २२८७ च्या वेळी वापरलेला नियम इथेही लागू. एकने पुढची म्हणजे २^१२७, नुसते दोन. एका बाजूला भुगा, दुसऱ्या बाजूला नितळ, मधे ही न फुटणारी. ल्यूकाची कसोटी त्या नितळ बाजूवरच उभी आहे. म्हणून ती दुसऱ्या कुठल्याही ३९ अंकी संख्येला अशी लावता येत नाही.

आणि वर्गमुळं. थोरलीच्या मोजणीत कुठल्याही संख्येचं वर्गमूळ असेल तर ते काढायला त्या संख्येचा १२५ वेळा वर्ग करायचा. वर्ग करत करत वर्गमूळ! ९ वर करून पाहिलं, थोरली − ३ आलं. म्हणजे उणे तीन. ३ चा वर्गच घेऊन तपासलं, ९. ठीक.

६ जुलै, रविवार

पूर्ण पट. दोन मिलिमीटरच्या घरांनी १२७ घरं म्हणजे २५४ मिलिमीटर, बरोबर दहा इंच. आण्णांना सांगितलं, ते नुसते हसले, लेथवाल्याला यात नवल कसलं. ए-थ्री आलेख कागदावर बसतो. एकूण १६,१२९ घरं.

एकच पायरी हाताने करायची ठरवली, सातवी, जिथे पट पहिल्यांदा वळतो. सहाव्या पायरीची बिटं पहिल्या ओळीत पेन्सिलीने भरली. मग प्रत्येक भरलेल्या घरामागे एक सरकवलेली ओळ. दुपारी बसलो, अंधार पडेपर्यंत ओळीच चालल्या होत्या, हातच्यांना हात लागलाच नाही. तीनदा एका घराने सरकलो, खोडलं, एका जागी कागद फाटला. ल्यूकाने अशा १२५ केल्या. मधे कुठे एक घर चुकलं तर शेवटी येणारा पाचोळा खराच आहे की चुकीमुळे आलाय, हे कळायला काही मार्ग नाही. शून्य आलं म्हणजे मात्र चूक नाही असंच मानावं लागतं, योगायोगाने शून्य येण्याची शक्यता जवळपास नाहीच.

थोरली १९५१ पर्यंत सर्वांत मोठी माहीत मूळसंख्या होती, पंचाहत्तर वर्षं. त्या वर्षी फेरियेने टेबलावरच्या यंत्राने (२^१४८ + १) / १७ काढली, ४४ अंकी. त्याच वर्षी मिलर आणि व्हीलरने केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर ७९ अंकी काढली, आणि ती १८० × थोरलीचा वर्ग + १ होती. थोरलीला मागे टाकायला तिचाच जिना लावला. सध्याची २^१३,६२,७९,८४१ − १, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची. तीही शेवटी ल्यूका-लेमर कसोटीनेच पक्की केली. कागदावर हाताने सिद्ध केलेल्यांत मोठी अजूनही थोरलीच.

३, ७, १२७, थोरली, या साखळीत पुढची २ चा थोरलीवा घात वजा १. कातालान या गणितज्ञाने ही साखळी त्याच १८७६ मध्ये मांडली होती. तिचे अंकच सुमारे ५ × १०^३७. तिच्या वाटेला जात नाही.

फाटलेल्या जागी मागून चिकटपट्टी लावली आहे. सातव्या पायरीचे हातचे पुढच्या रविवारी.

पुतणीचा फोन होता, तिला आता १३ चा पट हवाय. भरगच्च झाला तर १६९ चिंचोके लागतील. डब्यात मोजले, ११२ आहेत.